दिवसा झोपायची खोली

"मॅडम, तुमची हर्षाली भोये पेशंटला चुकीचं इन्सुलिन देता देता थांबली. तुमच्या कानावर घालायला फोन केलाय."

फोनवर ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख होत्या. मी मोखाड्याला पंचायत समितीच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसले होते. समोर बारावी झालेल्या मुलींची रांग होती आणि भिंतीकडेला त्यांचे आईबाप बसले होते. नव्या बॅचचे फॉर्म भरून घेणं चाललं होतं. पुढच्या मुलीला हातानेच थांबायला सांगितलं आणि फोन घेऊन व्हरांड्यात आले.

मी जव्हारच्या एका नर्सिंग ट्रेनिंग सेंटरमध्ये प्लेसमेंट ऑफिसर आहे. म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या मुलींना नोकरी लावून देते. हॉस्पिटलांशी बोलायचं, इंटरव्ह्यू ठरवायचे, मुलींना घेऊन जायचं, जॉइन करून द्यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. अठरा वर्षं हेच करते आहे. इतक्या वर्षांत मेट्रनचे फोन पुष्कळ आले. मुलगी न सांगता गावी गेली, मुलीचं लग्न ठरलं, मुलगी इंग्रजीला घाबरते, असलेच ते फोन असत. इन्सुलिनचा फोन पहिलाच.

"पेशंटला काही झालं का?" मी विचारलं.

"नाही. निअर मिस."

निअर मिस म्हणजे होता होता राहिलेली चूक. हॉस्पिटलमध्ये तिचाही रिपोर्ट लिहावा लागतो. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करायची इंजेक्शनं द्यायच्या आधी दोन सिस्टरांनी मिळून तपासायची असतात. त्याला डबल चेक म्हणतात. हर्षालीने बारा नंबरच्या पेशंटचं इन्सुलिन सिरिंजमध्ये भरलं आणि ती अकरा नंबरच्या बेडशी जाऊन उभी राहिली. अकरा नंबरच्या बाईंची शुगर आधीच खाली होती. बरोबरची सीनियर सिस्टर म्हणाली, "पेशंटच्या हातावरच्या पट्टीवरचं नाव वाच." हर्षालीने वाचलं. मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. नाइट ड्युटी संपायला दोन तास उरले होते.

"रिपोर्ट तिनेच लिहिलाय," मेट्रन म्हणाल्या. "कारणाच्या जागी मुली 'वर्कलोड' लिहून मोकळ्या होतात. हिने लिहिलंय, 'माझी झोप होत नाही.' खरं लिहिलं म्हणून मी तुमच्याशी बोलतेय. लपवलं असतं आणि मला कळलं असतं, तर त्याच दिवशी घरी पाठवली असती."

"आता काय करायचं?"

"पंधरा दिवस तिला डे ड्युटी देते. त्यापुढे मला नाइटला माणूस लागतंच. ती प्रोबेशनवर आहे, तुम्हाला माहीत आहे. पंधरा दिवसांत तिच्या झोपेचं काय ते बघा. नाहीतर मला लेटर काढावं लागेल."

प्रोबेशन म्हणजे पहिले सहा महिने. तेवढ्या काळात कारण न देताही काढता येतं. हर्षालीचा तेव्हा तिसरा महिना चालू होता.

मी परत टेबलाशी येऊन बसले आणि फॉर्म भरायला घेतले. दुपारी हॉलबाहेर आले तर दारात हर्षालीचा बाप उभा. काळू भोये. खोडाळ्याच्या पलीकडे त्यांचा पाडा आहे. भात लावतात, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नागली म्हणजे नाचणी करतात. त्या दिवशी मोखाड्याचा बाजार होता, बाजाराला आले होते. मी इथे आहे हे कोणीतरी सांगितलं असावं.

"मॅडम, पोरगी बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. "फोन लावला तं जास्ती बोलत नाय. नीज आलीय बोलते आणि ठेवते."

"बरी आहे," मी म्हणाले.

ते समाधानाने मान हलवून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

मला खटकत होती ती दुसरीच गोष्ट. आमच्या प्लेसमेंटच्या फॉर्मवर 'राहण्याची सोय' असा रकाना आहे. हर्षालीच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने 'आहे' लिहिलं होतं. ती खोली मी पाहिली नव्हती. मोबाइलवर आलेला फोटो पाहिला होता. फोटोत एक खिडकी, एक पंखा आणि चार गाद्या होत्या. मला ते पुरेसं वाटलं होतं. मी हॉस्पिटल पाहून आले होते, वॉर्ड पाहून आले होते, युनिफॉर्म कोण देणार तेही विचारून आले होते. बारा तास रात्रीचं काम करणारी मुलगी झोपणार कधी आणि कुठे, हे अठरा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ठाण्याला गेले. हर्षाली डे ड्युटीला गेली होती. तिच्या बरोबरच्या तिघीही कामावर होत्या. त्यातली अश्विनी मोखाडा तालुक्यातलीच, आमच्या आधीच्या बॅचची, त्याच हॉस्पिटलमध्ये. तेव्हा तीही दिवसपाळीला होती. बाकीच्या दोघी एका लॅबमध्ये. मी हर्षालीला कळवलं होतं, तुमच्या खोलीत मी एक दिवस थांबणार आहे. तिने शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवली होती. काकूंनी काही न विचारता ती माझ्या हातात दिली.

दुमजली जुनी इमारत होती. आठ बिऱ्हाडं. मुलींची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. मी हर्षालीच्या गादीवर आडवी झाले. नाइट करून आलेली मुलगी ज्या वेळेला झोपलेली असते, तीच वेळ. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

समोरच्या गल्लीत फॅब्रिकेशनचं दुकान होतं. लोखंडी ग्रिल आणि दरवाजे बनवायचे. ग्रायंडर सुरू झाला की दात आंबल्यासारखे व्हायचे. तो थांबला की हातोडी. चादर डोक्यावर घेतली. कापूस आणला होता, तो कानात घातला. दहा मिनिटांनी डोळ्यांवर जरा झापड आली, तेवढ्यात बेल वाजली.

दारात काकू. "हर्षाली, मोटर..." म्हणता म्हणता त्यांनी मला पाहिलं. "अगबाई, विसरलेच, ती नाही का. मग तुम्हीच चालू करा, मी कामाला निघालेय. बटण तुमच्या दारामागे आहे. पाऊण तासाने आठवणीने बंद करा बरं, नाहीतर टाकी वाहते आणि वरचे ओरडतात."

मी दारामागे पाहिलं. पाण्याच्या मोटरचं बटण खरंच तिथे होतं. बाजूला कागद चिकटवलेला, 'हर्षाली, ११ चालू, ११.४५ बंद'. अक्षर तिचं नव्हतं.

मी मोटर चालू केली आणि पुन्हा आडवी झाले. साडेअकराला कुरिअरवाला आला. पार्सल दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचं. "वर कोणी नाही, इथेच देतो रोज," म्हणाला. पावणेबाराला मोटर बंद केली. बारा वाजून गेल्यावर आणखी एक पार्सल. मग सिलिंडरवाला, पहिल्या मजल्याचा. मग एक बाई किल्ली ठेवून गेल्या, त्यांची नणंद तीनला येणार होती. तीनला नणंद किल्ली न्यायला आली. त्या पाच तासांत मला सलग अर्धा तासही पडून राहता आलं नाही. ग्रायंडर दुपारी दीड तास बंद होता. बेल मात्र थांबली नाही.

चार वाजता मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनला गेले. हर्षालीला अर्ध्या तासाचा ब्रेक होता. तीन महिन्यांत ती वाळली होती. डोळ्यांखालची कातडी काळवंडली होती. चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला.

"मोटर तुझ्याकडे कशी आली?" मी विचारलं.

"मी दिवसाची घरी असते ना, मॅडम."

"तू घरी झोपलेली असतेस."

"त्यांना ते घरीच वाटतं." मग ती म्हणाली, "मी दोन अलार्म लावते. अकराचा आणि पावणेबाराचा. मधे नीज लागत नाय. राहिलं तर टाकी वाहील, तेच डोक्यात असतं."

"नाही म्हणायचं ना."

ती कपाकडे बघत राहिली. "ही खोली मिळायच्या आधी आम्ही पाच खोल्या बघितल्या. सगळ्यांनी गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग बोलले, कळवतो. हितं कोणी काय विचारलं नाय. चावी दिली. मग मी त्यांना कसं नाय बोलू?"

हर्षाली सातवीपासून आश्रमशाळेत राहिलेली. एका हॉलमध्ये साठ मुली झोपायच्या, ते मी पाहिलेलं आहे. आवाजाची तिला सवय होती. ग्रायंडरने ती मोडली नसती. झोपेतही तिच्यावर आठ बिऱ्हाडांची ड्युटी होती, त्या ड्युटीने ती मोडली होती. रात्री वॉर्डाची पाळी आणि दिवसा इमारतीची. इन्सुलिनची सिरिंज हातात घेऊन ती अकरा नंबरच्या बेडशी का उभी राहिली, ते मला त्या कॅन्टीनमध्ये कळलं.

त्याच संध्याकाळी मी घरमालकांना भेटले. ते त्याच इमारतीत वर राहायचे. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी.

"बाई, आठ बिऱ्हाडांत दिवसा तीच एकटी घरी असते," ते म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. बटण दाबायचं. आणि नर्स आहे ना ती? लोकांचं करायची सवयच असते."

"ती रात्रभर बारा तास उभी असते."

"ते रात्रीचं झालं. मी दिवसाचं बोलतोय."

मी पुन्हा समजावलं. बटण बाहेर जिन्यात घ्या, पार्सलं कोणाकडे तरी वाटून द्या, असंही सांगून पाहिलं. ते चिडले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त दिवसा झोपलेलं माणूस दिसत नव्हतं. शेवटी म्हणाले, "त्यांना जमत नसेल तर दुसरी खोली बघू द्या. मला विचारणारे खूप आहेत."

मी ऑफिसला फोन करून रजा वाढवली. मावसबहिणीकडे मुक्काम टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून खोल्या बघायला लागले. हर्षालीला सुट्टी मिळेल तेव्हा ती बरोबर यायची. एरवी मी एकटी.

पहिल्या ब्रोकरला सांगितलं, शांत जागा पाहिजे. तो हसला. "मॅडम, हितं शांत म्हणजे एसी लावायचा आणि खिडकी बंद करायची." मी म्हटलं, दिवसा शांत पाहिजे, सकाळी नऊ ते दुपारी चार. त्याला हे गिऱ्हाईक नवीन होतं. दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी खोली आजवर कोणी मागितली नव्हती म्हणे.

रविवारी संध्याकाळी त्याने एक खोली दाखवली. चौथा मजला, मागची बाजू, खिडकीत पिंपळ. खरंच कसलाही आवाज नव्हता. हर्षालीचा चेहरा जरा सैलावला. मी ब्रोकरला म्हटलं, उद्या सकाळी अकराला परत येते. तो वैतागला. "आत्ता बघितली ना?" मी म्हटलं, झोपायचं अकराला आहे, रविवारी संध्याकाळी नाही. सोमवारी गेले. पलीकडची इमारत पाडून नवीन बांधणं चाललं होतं. रविवारी काम बंद होतं, एवढंच. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. काम किती दिवस चालणार असं विचारलं, तर ब्रोकर म्हणाला, "दोन वर्षं. पण मग शांत."

अशा चार खोल्या पाहिल्या. पाचवी सापडली ती मनासारखी होती. एका सोसायटीत, निवृत्त जोडप्याच्या शेजारचा त्यांचाच छोटा ब्लॉक. आम्ही भर दुपारी बाराला गेलो. आत फक्त पंख्याचा आवाज. जिन्यात माणूस नाही, बेल नाही. पार्सलं वॉचमन खाली ठेवून घ्यायचा. हर्षालीला त्या दिवशी सुट्टी होती. ती खिडकीजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने एकदा डोळे मिटले.

"तुम्ही राहणार का?" त्या जोडप्यातल्या काकूंनी मला विचारलं.

"नाही, ही. नर्स आहे. एक मैत्रीण बघून दोघी राहतील."

"हो का. गाव कुठलं गं?"

"खोडाळा. मोखाडा तालुका," हर्षाली म्हणाली.

"मोखाडा... म्हणजे जव्हारच्या बाजूला? आदिवासी भाग ना तो?"

"हो. मी आदिवासी आहे," हर्षाली म्हणाली. आवाज न बदलता. वॉर्डात पेशंटचं टेम्परेचर सांगावं तसं.

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "आमचं तसं काही नाही हो. पण सोसायटीची कमिटी आहे. रात्री मुलगी बाहेर, सकाळी येणार. लोक विचारतात. उत्तरं आम्हाला द्यावी लागतात."

"हॉस्पिटलचं पत्र देते मी," मी म्हणाले.

"बघू. कळवतो."

आम्ही निघालो. हर्षाली पुढे जिना उतरली. मी चप्पल घालत असताना काकू दारात आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही स्वतः राहणार असाल तर चावी आत्ता देते. तुम्ही आपल्यातल्या वाटता."

मी जव्हारची. आमचं शेतकऱ्याचं घर, माझे वडील शिक्षक होते. ज्या रस्त्याने हर्षाली येते, त्याच रस्त्याने मी येते. त्या बाईंनी मला कशावरून आपल्यातली ठरवलं, ते त्यांनाच ठाऊक. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "येते," म्हणून मी खाली उतरले. हे सांगायला बरं वाटत नाही. पण घडलं ते असं.

खाली गेटपाशी मी हर्षालीला म्हणाले, "ॲग्रीमेंट माझ्या नावावर करू. मी राहते असं सांगू. तू राहा. शांत जागा आहे, सोडायची नाही."

ती म्हणाली, "नको, मॅडम. आता मोटरसाठी उठते. तिथं बेल वाजली की भिऊन उठेन. ते कसं झोपणार?"

पंधरातले नऊ दिवस संपले होते.

दहाव्या दिवशी हर्षालीचा फोन आला. त्यांच्या वॉर्डात शेवंतामावशी म्हणून एक आया होत्या. आया म्हणजे पेशंटची स्वच्छता बघणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या बायका. या मावशींची निवृत्ती जवळ आली होती आणि निम्मी नोकरी नाइटला गेलेली. हर्षाली अश्विनीशी खोलीबद्दल बोलत होती, ते त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "माझ्याकडं येऊन बघ. मुलगी लग्न होऊन गेली, तिची जागा रिकामी आहे."

मी अकराला पोचले. हर्षाली त्या दिवसाची सुट्टी मागून आधीच आली होती. बाजारातली जुनी चाळ. तळमजल्यावर पिठाची गिरणी. मावशींची खोली बरोबर तिच्या डोक्यावर. गिरणी जोरात चालू होती. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला तर कठडा थरथरत होता. वर गेले. पुढे स्वयंपाकघर, मागे एक लहान खोली. खिडकीला जाड सोलापुरी चादर खिळे मारून लावलेली. भर दुपारी आत अंधार. आणि पायाखाली गिरणीची घरघर.

"मावशी, इथे कशी झोप लागणार?" मी म्हणाले. "शांत जागा शोधतोय आम्ही."

"गिरणी एका सुरात चालते," मावशी म्हणाल्या. "ती कोणाला हाका मारत नाही." त्यांनी मला चहा दिला आणि घराचे नियम सांगितले. नियम म्हणजे एकच. "सकाळी नऊ ते चार या खोलीचं दार कोणी वाजवायचं नाही. पोस्टमन असो, पाहुणा असो, माझी मुलगी असो. चाळीत सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला भांडले मी. एकदा तर पाण्याच्या बादल्या ओतल्या बाहेर, मला उठवलं म्हणून. आता कोणी येत नाही."

"आमच्या गावाबद्दल काही..." मी चाचरत सुरुवात केली.

"काय गावाबद्दल?"

"मोखाड्याची आहे ती. काही ठिकाणी..."

"मला काय करायचंय? गाद्या वेगळ्या, भांडी एक. ती करील ते मी खाईन, मी करीन ते तिने खायचं. नागलीची भाकरी करता येते का तिला, तेवढं विचारा. मला शुगर आहे."

मी हसून हर्षालीकडे वळले. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, पर्स मांडीवर, मान एका बाजूला कललेली. झोपली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर मावशींनी माझा दंड धरला आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. खाली गिरणी चालू होती. मध्ये ती बंद झाली, माणसांचे आवाज आले, पुन्हा सुरू झाली. मावशींनी तांदूळ निवडले. मी त्यांना मदत केली. हर्षाली साडेतीनला उठली. बाहेर आली तेव्हा गालावर भिंतीच्या खरबरीत रंगाचे ठसे होते.

"मॅडम, मला कोणी उठवलं नाय?" तिने विचारलं. ती घाबरली होती.

"नाही," मी म्हणाले.

मग ती मोरीशी तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. पाण्याचा आवाज चालू होता. मावशी म्हणाल्या, "रडू द्या. झोप झाली की रडू येतं."

पुढचं थोडक्यात सांगते. हर्षालीने त्याच आठवड्यात सामान हलवलं. पंधरा दिवस संपल्यावर ती नाइटला गेली. पहिल्या नाइटनंतर दुपारी चारला मी फोन केला, तो तिने उचलला नाही. पाचला तिचाच आला, "झोपले होते." मेट्रनने महिनाभर तिचे चार्ट स्वतः तपासले. चूक झाली नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर तिला पक्कं केलं. मेट्रनचा मेसेज दोनच शब्दांचा होता, 'कन्फर्म केली.' मी तो काळूभाऊंना वाचून दाखवायला खोडाळ्याला गेले. त्यांनी विचारलं, कन्फर्म म्हणजे काय. सांगितलं. मग तो मागचा सगळा प्रकारही सांगितला, आणि मोखाड्याला मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, तेही. "आमाला सांगितलं असतं तं आम्ही तिला घरी आणली असती," ते म्हणाले. मला वाटतं, म्हणूनच मी सांगितलं नव्हतं. तो निर्णय माझा नव्हता, हेही मला तेव्हा कळलं.

एवढ्यावर हा अनुभव संपला असता तर मी तो तेव्हाच लिहून काढला असता. आमच्या सेंटरच्या कार्यक्रमात तो दोनदा सांगितलाही, टाळ्या मिळाल्या.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला मी पुन्हा मोखाड्याला फॉर्म भरून घ्यायच्या कॅम्पला गेले होते. बाजारात अश्विनी भेटली. हर्षालीच्या जुन्या खोलीतली, आधीच्या बॅचची मुलगी. काकडी विकायला बसली होती आईबरोबर. मला वाटलं, सुट्टीवर आली असेल.

"कधी आलीस?"

"गणपतीला आले, मॅडम. मग गेलेच नाही."

"का गं? चांगलं चाललं होतं की."

"नाय जमलं," ती म्हणाली आणि काकड्या नीट लावायला लागली.

मी तिच्याजवळ पोत्यावर बसले. विचारत राहिले. तेव्हा हळूहळू सांगितलं तिने. हर्षाली गेल्यावर पुढच्या रोस्टरला, म्हणजे पाळ्यांच्या यादीत, अश्विनीची नाइट लागली. दिवसा घरी ती असायची. दारामागच्या कागदावर हर्षालीचं नाव खोडून तिचं लिहिलं गेलं. मोटर, पार्सलं, किल्ल्या. चार महिने तिने ते केलं. एकदा वॉर्डात चक्कर येऊन पडली, सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीला गेली. कोणाला काही बोलली नाही. मग गणपतीला घरी आली आणि दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, मी जात नाही.

"मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही हर्षालीसाठी आला होता ना, मॅडम. मी माझं काय सांगू?"

त्या खोलीत मी एक अख्खा दिवस झोपून पाहिलं होतं. शेजारी तीन गाद्या होत्या. त्यातल्या एकीवर अश्विनी झोपायची. पुढच्या महिन्यात नाइट कोणाला लागणार, हे मी कोणाला विचारलं नाही. अश्विनीच्या हातून चूक झाली नाही, म्हणून कोणाचा फोन आला नाही. ती नुसती थकली आणि परत आली.

तिच्यासाठी मी पुन्हा प्रयत्न केला. जव्हारच्या एका दवाखान्यात दिवसपाळीची जागा मिळाली, ती आता तिथे आहे. पगार ठाण्याच्या मानाने कमी. ती तक्रार करत नाही. तिला तक्रार करता येत नाही, हे आता मला माहीत आहे.

माझ्या कामात एकच बदल झाला. आधी मी नोकरीला लावलेल्या मुलींना महिन्याने फोन करून "कशी आहेस?" विचारायचे. सगळ्या जणी "बरी आहे" म्हणायच्या. आता मी विचारते, "काल दिवसा किती वाजता झोपलीस आणि तुला कोणी उठवलं?" या प्रश्नाला "बरी आहे" असं उत्तर देता येत नाही. मुली मग खरं सांगतात.